दवाखान्यासाठी हद्द ओलांडताना

चिखल्याहून किनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेला निघाले की घोलवड, बोर्डी, झाई आणि मग गुजरात. रेल्वेने गेले तर घोलवडनंतरचे स्टेशन उमरगाव रोड. तिथे पाट्या गुजरातीत दिसू लागतात. पुढे संजाण, भिलाड, वापी, वलसाड. या पट्ट्यातील माणूस पोटासाठी ही हद्द रोज ओलांडतो. उमरगाव, सरीगाम आणि वापीच्या औद्योगिक वसाहतींत आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले-मुली कामाला जातात. आजार मोठा झाला की दवाखान्यासाठीही तीच वाट धरावी लागते.

परदेशात जाऊन स्वस्तात उपचार घेणाऱ्या लोकांच्या बातम्या आपण वाचतो. बांगलादेश, आफ्रिका आणि आखाती देशांतून रुग्ण मुंबई, चेन्नई, कोलकात्याला येतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तमधील एका अतिशय वजनदार महिलेला खास विमानाने मुंबईत आणले, तेव्हा सगळ्या वाहिन्यांनी ते दाखवले होते. आपल्या वस्तीतील रुग्णाचा प्रवास कुणी दाखवत नाही. तो पासपोर्टशिवाय होतो, मेमू गाडीने किंवा भाड्याच्या इको गाडीने होतो. पण प्रश्न तेच असतात. तिकडे पैसे किती लागतील? आपले कार्ड चालेल का? भाषा कळेल का? काही बरेवाईट झाले तर दाद कुठे मागायची? या लेखात त्या प्रश्नांची उत्तरे एकत्र दिली आहेत.

ही हद्द कालपरवाची

१ मे १९६० पूर्वी महाराष्ट्र आणि गुजरात हे एकाच मुंबई राज्यात होते. उमरगाव तालुका ठाणे जिल्ह्यात होता. राज्ये वेगळी झाली आणि उमरगाव गुजरातकडे गेले. सिल्वासा तर १९५४ पर्यंत खरोखरच परदेश होता. दादरा-नगर हवेलीवर पोर्तुगीजांचे राज्य होते आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी ते संपले. आज तो केंद्रशासित प्रदेश आहे. म्हणजे डहाणू-तलासरीच्या माणसाला एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला केंद्रशासित प्रदेश, आणि आपल्या राज्यातील मोठी रुग्णालये मात्र सव्वाशे किलोमीटरवर मुंबईत.

नातीगोती, बाजार आणि बोली या हद्दीवर थांबल्या नाहीत. सरकारी योजना मात्र थांबतात. रुग्णाची अडचण तिथेच सुरू होते.

लोक पलीकडे का जातात?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. जिल्हा रुग्णालयाची इमारत मात्र वर्षानुवर्षे रखडली. डहाणू आणि कासा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे. साधे बाळंतपण, ताप, हाड मोडणे, सर्पदंश यांवर तिथे उपचार होतात. पण मेंदूला मार लागला, बाळ फारच अशक्त जन्मले, हृदयाचा झटका आला किंवा अतिदक्षता विभागाची गरज पडली, की "पुढे न्या" असे सांगितले जाते.

पुढे म्हणजे कुठे? सिल्वासाचे श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल, वलसाडचे वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले सिव्हिल हॉस्पिटल, वापीतील खासगी आणि ट्रस्टची रुग्णालये, नाहीतर थेट मुंबई. वापी मुंबईच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे. नातेवाइकाला रात्री घरी परतता येते, डबा नेता येतो, रोजंदारी पूर्ण बुडत नाही. गरिबाच्या हिशेबात बिलाइतकाच गाडीभाड्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा आकडा मोठा असतो. म्हणून लोक तिकडे जातात आणि त्यात वावगे काही नाही.

धोका उशिराचा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातील एका गरोदर बाईला कासा येथून सिल्वासाला हलवावे लागले. आवश्यक सोयींची रुग्णवाहिका वेळेवर मिळाली नाही आणि वाटेतच तिचा प्राण गेला. बातमी आली, चर्चा झाली, पण अंतर तेवढेच राहिले. म्हणून पलीकडे जाण्याची वेळ येण्याआधीच घरात काही गोष्टी ठरलेल्या असल्या पाहिजेत.

श्रीमंत देशांतही माणसे हद्द ओलांडतात

अमेरिकेत दातांचा उपचार इतका महाग आहे की तेथील म्हातारी माणसे पायी चालत सीमा ओलांडून मेक्सिकोत जातात. लॉस अल्गोडोनेस नावाचे छोटे गाव अशा रुग्णांवरच चालते. गल्लीगल्लीत दंतवैद्य आहेत. युरोपीय संघाने २०११ मध्ये यासाठी नियमच केला. एका सदस्य देशाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात जाऊन उपचार घेऊ शकतो आणि मायदेशात जेवढा खर्च सरकारने केला असता तेवढा परत मागू शकतो.

तिथे वेगवेगळ्या देशांत जे होते, ते आपल्या एका देशातील दोन राज्यांत अजून अर्धेच झाले आहे. कोणती योजना हद्दीपलीकडे चालते आणि कोणती चालत नाही, हे नीट समजून घ्या.

कोणते कार्ड कुठे चालते?

आयुष्मान भारत, म्हणजेच प्रधानमंत्री जन आरोग्य योजना. २३ सप्टेंबर २०१८ पासून सुरू. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मोफत. हे कार्ड देशात कुठल्याही राज्यातील, योजनेत नोंदलेल्या सरकारी वा खासगी रुग्णालयात चालते. वापी, वलसाड, सिल्वासा या सर्व ठिकाणी उपयोगी पडेल ते हेच कार्ड. जुना आजार आहे म्हणून नाकारता येत नाही. कुटुंबात माणसे किती, वय किती, याची अट नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यापुढील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, या योजनेचे कार्ड मिळते. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांचे कार्ड आधी काढा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ही महाराष्ट्राची. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली. आता शिधापत्रिका किंवा अधिवास प्रमाणपत्र असलेल्या राज्यातील सर्व कुटुंबांसाठी ५ लाखांपर्यंत आहे. पण ही राज्याची योजना आहे. फक्त तिच्या भरवशावर वापीच्या काउंटरवर शिधापत्रिका ठेवली तर काम होणार नाही.

गुजरातमध्ये तेथील रहिवाशांना राज्य सरकार जादा संरक्षण देते. शेजारच्या खाटेवरील रुग्णाला १० लाखांपर्यंतचा लाभ मिळतो, मग आपल्याला का नाही, असे वाटून भांडण करू नका. आपला हक्क केंद्राच्या योजनेपुरता आहे.

महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र राबवल्या जातात, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो. आपले कुटुंब केंद्राच्या यादीत आहे की फक्त राज्याच्या, हे आजच विचारून ठेवा. आयुष्मानसाठी १४५५५, फुले योजनेसाठी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. फोन करताना आधार आणि शिधापत्रिका हाताशी ठेवा. "दुसऱ्या राज्यात माझे कार्ड चालेल का?" हा प्रश्न स्पष्ट विचारा.

दोन्ही योजनांत भरती झालेल्या रुग्णाचा उपचार धरला जातो. नुसत्या तपासणीचे, बाहेरून केलेल्या रक्त-लघवीचे पैसे द्यावे लागतात. "कार्ड आहे म्हणजे सगळे फुकट" असे समजून खिशात काहीच न नेणे चुकीचे ठरते.

आपल्या हद्दीतही हक्क आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, सगळे त्यात आले. जे डहाणूत मोफत होते त्यासाठी वापीला कर्ज काढून जाऊ नये.

एसटीचेही असेच आहे. महिलांना अर्धे तिकीट आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढचे पूर्ण भाडे धरून पैसे न्या.

कारखान्यात कामाला आहात? मग हे वाचाच

उमरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू होते. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. त्यात कामगार, जोडीदार, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांचा उपचार येतो. ही योजना केंद्राच्या कायद्याची आहे. राज्याची हद्द तिला आडवी येत नाही. कामगार वापीत आणि कुटुंब चिखल्यात असेल तर कुटुंबाची नोंद घराजवळच्या दवाखान्यात करण्याची सोय आहे.

या योजनेचा पाया कुणाच्या काळात घातला गेला, हे आपल्या घरातील मुलांना सांगायला हवे. कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्यासाठी १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांची नेमणूक झाली. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांभाळत होते. १९४४ मध्ये अहवाल आला आणि १९४८ मध्ये कायदा झाला. असे असताना आपलाच मुलगा कंत्राटदाराकडे वर्षभर राबतो आणि त्याला विमा क्रमांक माहीत नसतो, हे बरे नाही. पगाराची चिठ्ठी पाहा. ईएसआयचे पैसे कापले जात असतील तर विमा क्रमांक मागून घ्या. कापलेच जात नसतील तर का, ते विचारा. ठेकेदारामार्फत लागलेला कामगारही यात येतो.

तातडीच्या वेळी हद्द नसते

८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी त्याला "सोय नाही", "खाट नाही" म्हणून परत पाठवले. अखेर खासगी रुग्णालयात पैसे भरून त्याचा जीव वाचला. त्याच्या संघटनेने, पश्चिम बंग खेत मजूर समितीने, सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले की सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार नाकारणे म्हणजे संविधानाच्या कलम २१ ने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. त्या मजुराला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. त्याआधी १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात न्यायालयाने म्हटले होते की जखमीचा जीव वाचवणे हे सरकारी वा खासगी प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, पोलिसांचे कागद नंतर.

हे निकाल संपूर्ण देशाला लागू आहेत. गुजरात असो की सिल्वासा, "तुम्ही महाराष्ट्राचे, तिकडेच जा" असे तातडीच्या रुग्णाला सांगता येत नाही. असे कोणी म्हणाले तर शांतपणे त्याचे कारण कागदावर लिहून मागा. बहुतेक वेळा लिहून देण्याऐवजी रुग्णाला आत घेतले जाते.

मात्र काही वेळा पलीकडे पळण्यापेक्षा जवळचा दवाखाना जीव वाचवतो.

साप चावला तर वापी नको, भगत नको. जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस मोफत मिळते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर ती चालते. पहिली मात्रा तिथे घ्या, मग गरज पडल्यास पुढे.

बाळंतिणीला रक्तस्राव, गरोदर बाईला झटके, छातीत कळ, श्वास लागणे, अशा वेळी १०८ ला फोन करा आणि आधी जवळच्या रुग्णालयात नेऊन प्राथमिक उपचार घ्या. पुढे पाठवताना रेफर चिठ्ठी घ्या. सोबत ऑक्सिजन आणि माणूस आहे का ते विचारा. पुढच्या रुग्णालयात खाट आहे का, हे डॉक्टरांनाच फोन करून विचारायला सांगा. चिठ्ठीशिवाय निघालेला रुग्ण तिकडे पुन्हा पहिल्या पायरीपासून तपासला जातो. त्यात वेळ जातो आणि पैसाही.

बाळंतपण पलीकडे झाले तर

कायद्याने जन्माची नोंद जिथे बाळ जन्मले तिथे होते. वलसाडला जन्मलेल्या बाळाचा दाखला वलसाडचाच मिळेल, चिखले ग्रामपंचायतीचा नाही. २१ दिवसांत नोंद मोफत होते, नंतर विलंब शुल्क आणि परवानग्या. रुग्णालयातून सुटी घेण्यापूर्वी जन्माची माहिती भरलेला फॉर्म स्वतः पाहा. आईवडिलांची नावे आधारप्रमाणे आहेत का? कायमचा पत्ता चिखल्याचा, तालुका डहाणू, जिल्हा पालघर असा लिहिला आहे का? गुजरातीत लिहिताना नावाचा उच्चार बदलतो आणि तीच चूक पुढे शाळेच्या दाखल्यावर येते. बाळाचे नाव ठरले नसेल तर नोंद अडत नाही. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हा शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत मुख्य पुरावा झाला आहे. म्हणून त्याच्या दोन-तीन प्रती काढून ठेवा. जन्म गुजरातमध्ये झाला म्हणून मुलाची जात बदलत नाही. ती वडिलांच्या मूळ गावच्या पुराव्यावर ठरते. पण महाराष्ट्राचा अधिवास दाखला काढताना राज्याबाहेरचा जन्म म्हणून जादा पुरावे मागितले जातात. तेव्हा वडिलांचा आणि आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या एका जागी ठेवा.

सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषध, रक्त, जेवण आणि घरी सोडणे हे २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात देशभर मोफत आहे. जाण्यापूर्वी आशाताईला कळवा आणि माता-बाल कार्ड सोबत न्या.

पिशवीत काय हवे

एक जाड प्लास्टिकची पिशवी घ्या आणि त्यात हे आजच भरा. आधारच्या प्रती, शिधापत्रिका, आयुष्मान कार्ड, असल्यास ईएसआय क्रमांक. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून. चालू गोळ्यांची पाकिटे, नुसती नावे नकोत. रक्तगट आणि कोणत्या औषधाची रिॲक्शन येते ते लिहिलेला कागद. दोन नातेवाइकांचे फोन नंबर. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. हा दाखला ठराविक मुदतीचा असतो, मुदत संपली की नवा काढा.

क्षयरोगाचा रुग्ण कामासाठी पलीकडे राहायला गेला तर त्याचा निक्षय क्रमांक सोबत हवा. त्या क्रमांकावर कुठल्याही राज्यात गोळ्या मोफत सुरू राहतात. पोषणासाठी महिना १,००० रुपये खात्यात येतात. गोळ्या मध्येच सोडणे सगळ्यात घातक.

बिल, दलाल आणि सही

स्टेशनबाहेर, रुग्णवाहिकेत, कधी ओळखीच्या माणसाकडूनही "चला, मी चांगल्या दवाखान्यात नेतो" असे ऐकू येते. त्याचा वाटा शेवटी तुमच्या बिलातून जातो. नियोजित ऑपरेशन असेल तर दोन ठिकाणी विचारा. अंदाजे खर्च लेखी मागा आणि त्यात भूल, औषधे, खाट, रक्त हे सगळे धरले आहे का ते पाहा. रुग्णालय आयुष्मानमध्ये असेल तर भरती होताना लगेच आरोग्यमित्राला भेटा. "आधी पैसे भरा, कार्डाचे नंतर बघू" याला हो म्हणू नका.

गुजरातीत किंवा इंग्रजीत लिहिलेल्या संमतीपत्रावर समजल्याशिवाय सही करू नका. वाचून दाखवायला सांगणे हा तुमचा हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून प्रत्येक खासगी रुग्णालयाने रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचे आहे. पलीकडे हा नियम नसला तरी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली रुग्ण हक्कांची सनद सगळ्या देशासाठी आहे. तिच्यानुसार बिलासाठी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही.

निघताना डिस्चार्ज कार्ड, सर्व रिपोर्ट, एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म, पक्की पावती घेऊनच निघा. गाठीचा तुकडा तपासला असेल तर त्याच्या स्लाइड आणि ब्लॉकही मागा. मुंबईत पुन्हा तपासायची वेळ आली तर त्याच लागतात. टाके काढणे, ड्रेसिंग, इंजेक्शन डहाणूतच करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. दर आठवड्याला वापीच्या फेऱ्या वाचतील.

मुंबईला जावे लागले तर

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. हे सार्वजनिक विश्वस्त कायद्याचे कलम ४१ एए. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. मोठमोठ्या नावांची रुग्णालयेही यात येतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याकडे उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन जा. हा हक्क महाराष्ट्राच्या हद्दीतला आहे. मोठ्या, खर्चिक ऑपरेशनच्या वेळी वापी जवळ पडते म्हणून तिकडे जाण्याआधी याचा विचार करा.

कॅन्सरसाठी परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना तिकिटात मोठी सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचे ठराविक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेक कॅन्सर रुग्णांचा आधार आहे. फुटपाथवर रात्र काढण्यापूर्वी तिथे चौकशी करा.

वस्तीने करायचे काम

हे सगळे एकट्या कुटुंबाला संकटाच्या रात्री जमत नाही. म्हणून एका रविवारी वंदनेनंतर विहारात अर्धा तास काढा. शिकलेल्या मुलामुलींनी प्रत्येक घराचे कार्ड तपासावे. कोणाचे आयुष्मान कार्ड निघाले, कोणाचे राहिले, याची वही करावी. सत्तरीपुढील माणसांची यादी आधी. फळ्यावर १०८, १०२, १४५५५, १५५३८८ हे क्रमांक, आशाताईचा आणि गाडीवाल्याचा नंबर लिहावा. गुजराती वाचता येणारी दोन माणसे आणि रक्त देऊ शकणाऱ्यांची गटवार यादी तयार ठेवावी. महिला मंडळाने गरोदर बायांच्या तारखा लक्षात ठेवाव्यात. नववा महिना लागला की गाडी आणि रुग्णालय ठरलेले असावे.

आणि ग्रामसभेत एक मागणी सतत मांडावी. आपल्याच जिल्ह्यात पूर्ण सोयींचे रुग्णालय लवकर सुरू व्हावे, आणि ते होईपर्यंत पलीकडे जाणाऱ्या महाराष्ट्राच्या रुग्णाचा खर्च महाराष्ट्राच्या योजनेतून भागवावा. हद्दीवर राहणाऱ्या लोकांनी मागितले नाही तर मुंबईत बसलेल्यांच्या ते लक्षात यायचे नाही.